भिंतीपलीकडचं जांभूळ

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने विषयांची यादी केली. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, पाण्याची टाकी, लिफ्ट, दोन वेळचे रंगकाम, गणेशोत्सव. ती पाने इतर सभासदांनी लिहिली आहेत. मी एकच पान मागून घेतले, पश्चिमेच्या भिंतीपलीकडच्या जांभळाचे. पंचवीस वर्षांत आपल्याकडे मोठे म्हणावेत असे वाद दोनच झाले. एक पार्किंगचा, तो अजून चालू आहे. दुसरा जांभळाचा, तो मिटला. त्या वेळी मी संस्थेचा सचिव होतो आणि चूक आमच्या कमिटीची होती, हे आज लिहून ठेवायला हरकत नाही.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. जांभूळ शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत होतं, भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर. त्याच्या अर्ध्या फांद्या आपल्याकडे, थेट बी विंगच्या गॅलऱ्यांपर्यंत आलेल्या. मे संपत आला की खाली जांभळांचा सडा. गाड्यांवर डाग, फरशी निसरडी, दिवसा माश्या आणि रात्री वटवाघळं. वार्षिक सभेत दरवर्षी तोच विषय, "सेक्रेटरी, त्या झाडाचं काय ते एकदा करून टाका."

संस्थेच्या नवव्या वर्षी आम्ही ते करून टाकलं. मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी कोयता आणि दोर घेऊन माणूस आला आणि भिंतीच्या रेषेत आपल्या बाजूची प्रत्येक फांदी त्याने उतरवली. शेजारी पत्र दिलं नाही, कोणाला विचारलं नाही. आमचं म्हणणं साधं होतं. आपल्या हद्दीत आलं ते आपण कापलं.

आवाज ऐकून पलीकडच्या तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. झाड त्यांनी लावलेलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, विचारलं असतं तर मीच माणूस बोलावला असता. पैसेही मीच दिले असते." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे शेजारच्या सोसायटीने तक्रार केली, महापालिकेच्या उद्यान विभागाची माणसं येऊन पंचनामा करून गेली, संस्थेला दंड भरावा लागला. इथवर ठीक होतं. जुलैत पावसाची झड लागली आणि एका रात्री ते जांभूळ पडलं. आपल्या बाजूचा भार गेल्यावर झाड सगळं वजन पलीकडे टाकून उभं होतं. भिजलेल्या भरावात मुळं टिकली नाहीत. पलीकडच्या दुचाकींच्या शेडवर ते आडवं झालं. त्या वेळी शेडखाली कोणी नव्हतं, हे दोन्ही सोसायट्यांचं नशीब. पडताना मुळांनी मधली भिंतही उचलली, तिला मोठी चीर गेली. त्यानंतर तीन वर्षं दोन्हीकडच्या कमिट्या एकमेकांशी बोलत नव्हत्या.

त्या काळात एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. आपल्या अंगणात आलेली फांदी कापायचा हक्क आपल्याला नसतो का? आणि आपल्या आधीचे लोक हे तंटे कसे सोडवत होते? पुढे निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे आपल्या उपयोगाचं वाटलं ते इथे मांडतो.

फांदीच्या जाडीप्रमाणे दंड

झाडावरून शेजाऱ्यांचे वाद हे शहराने आणलेले दुखणे नाही. ते शेतीइतकेच जुने असावे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत सीमेच्या वादांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. मनुस्मृतीत गावाच्या सीमेवर कोणती झाडे लावावीत याची यादी येते. वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड आणि चिकाची झाडे. दगडाची खूण रात्रीतून हलवता येते, वड हलवता येत नाही. म्हणून झाड हाच हद्दीचा साक्षीदार. गंमत अशी की, वाद मिटवण्यासाठी जे झाड लावायचे, त्याच झाडावरून पुढे वाद होत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर शहरातल्या बागांचा वेगळा विचार आहे. फुलाफळांची आणि सावली देणारी झाडे कोणी तोडली तर दंड किती, ते ठरवून दिले आहे. कोवळा धुमारा तोडला तर ६ पण, लहान फांदीला १२, जाड फांदीला २४. बुंध्याला हात घातला तर त्याहून मोठा दंड आणि झाड मुळापासून उखडले तर त्याच्याही वरचा. झाड सीमेवरचे असेल तर हे सगळे दुप्पट. याज्ञवल्क्य स्मृतीतही हाच क्रम आहे. ज्यांच्यावर माणसाचे पोट चालते अशा झाडाची फांदी तोडली तर २० पण, खोडाला ४०, सबंध झाडाला ८०, आणि सीमेवरच्या किंवा देवळाजवळच्या झाडाला पुन्हा दुप्पट. हे वाचताना आमच्या त्या रविवारचा हिशेब मी मनातल्या मनात करायला लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिला.

दंडाबरोबर वाटणीचाही विचार झालेला होता. कात्यायनाचा स्मृतिग्रंथ आज सबंध उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथांत विखुरलेले त्याचे श्लोक महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी गोळा करून १९३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे. पुढे १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या श्लोकांत एक नियम आहे. दोन शेतांच्या मधोमध सीमेवर उगवलेल्या झाडाची फुले आणि फळे दोन्ही मालकांची सामाईक. बस, एवढाच नियम. पण बांधावरचा आंबा हा गावोगावच्या भाऊबंदकीचा विषय कसा असतो हे आपल्यापैकी ज्यांचे गाव अजून सुटलेले नाही त्यांना सांगायला नको.

राजानेही विचारायचे

यानंतरचा मुक्काम आपल्या ओळखीचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ शिवकाळातली कारभाराची शिस्त सांगतो. त्यातले आरमाराचे प्रकरण अनेकांनी शाळेत ऐकलेले असते. जहाजांना लाकूड लागते. साग वगैरे जंगलातले लाकूड परवानगीने आणावे. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, असे अमात्य सांगतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड अगदी जुने होऊन कामातून गेले असेल तर मालकाला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. जबरदस्ती करू नये.

हा उतारा पर्यावरणाच्या भाषणांत नेहमी येतो. मला मात्र त्यात शेजाराचा धडा दिसला. आरमार ही राज्याची गरज होती, समोर समुद्रात सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज. तरीही फणसाला कुऱ्हाड लावण्याआधी राजाच्या माणसाने रयतेच्या दारात जाऊन विचारायचे होते. आमची गरज काय होती? गाड्यांवरचे डाग.

विचारायची गरज नाही, असे सांगणारा कायदा

इंग्रजी अमलात चित्र बदलले. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात 'लेमन विरुद्ध वेब' नावाचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. एकाची मोठी जुनी झाडे, त्यांच्या फांद्या शेजाऱ्याच्या जमिनीवर आलेल्या. शेजाऱ्याने न सांगता त्या कापल्या. कापायचा हक्क आहे का, यापेक्षा भांडण होते ते आधी सूचना द्यायला हवी होती का, यावर. निकाल लागला की शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता, आपल्या हद्दीत राहून कापत असाल तर सूचना देण्याचे कायदेशीर बंधन नाही. फांद्या कितीही वर्षे लोंबत असल्या तरी त्या तशाच राहू देण्याचा हक्क झाडाच्या मालकाला मिळत नाही.

म्हणजे आमच्या कमिटीचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. आपल्याकडच्या दिवाणी कायद्यानेही पुढे साधारण हीच वाट धरली. शेजारच्या झाडाच्या फांद्या किंवा मुळे आपल्या जमिनीत शिरली तर तो उपद्रव मानता येतो.

पण त्याच इंग्रजी न्यायालयांनी १९१९ मध्ये दुसरी बाजूही सांगून ठेवली. 'मिल्स विरुद्ध ब्रूकर' या खटल्यात शेजाऱ्याने आपल्या बाजूला आलेल्या सफरचंदाच्या फांद्यांवरची फळे काढून विकून टाकली होती. न्यायालय म्हणाले, फांदी कापायचा हक्क म्हणजे फळ घ्यायचा हक्क नव्हे. फळ झाडाच्या मालकाचे. शेजाऱ्याला पैसे भरून द्यावे लागले. आपल्या भिंतीवरून वाकलेल्या कैऱ्यांना "आमच्याकडे आल्या म्हणजे आमच्या" म्हणणाऱ्यांनी हा खटला लक्षात ठेवावा. तसे म्हणणाऱ्यांत लहानपणी मीही होतो.

याच सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात दुसराच कायदा चालू होता. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे लागू झाली आणि गोवा मुक्त झाल्यावरही तिचा मोठा भाग टिकून राहिला. फांद्या आणि मुळे कापायचा हक्क तीही शेजाऱ्याला देते, पण एक पायरी मधे ठेवून. आधी झाडाच्या मालकाला सांगायचे. त्याने तीन दिवसांत कापले नाही तर मग आपण कापायचे, तेही आपल्या हद्दीच्या सरळ रेषेत. माड, आंबा, फणस यांनी भरलेल्या, घराला घर लागून असलेल्या मुलखात हे तीन दिवस फार मोलाचे. रागाच्या भरात उचललेला कोयता तीन दिवसांत बहुधा खाली ठेवला जातो.

दोन्ही कायदे एकाच काळातले. इंग्रजी कायदा म्हणतो, न विचारता काप. गोव्यातला म्हणतो, सांग, तीन दिवस थांब, मग काप. आजींचे वाक्य मला इथे परत आठवले.

आपल्या शहरात हद्द कोणाची

आता आपल्या गावाकडे येऊ. गाव म्हणजे नवी मुंबई. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन या प्रकल्पात आली. आगरी-कोळी लोकांची भातशेती, मिठागरं, खाडीचे बांध. त्या बांधांच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी ठरलेल्या, कोणता ताड कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक. त्यावर सिडकोने सेक्टर, भूखंड आणि नकाशे आखले. आपण बहुतेक जण त्यानंतर आलो. कोणी दादर-परळच्या चाळींतून, कोणी साताऱ्या-कोल्हापुराकडून, कोणी देशाच्या दुसऱ्या टोकाकडून. शेजारी कोण हेच माहीत नव्हतं, तर झाड कोणाचं हे कुठून माहीत असणार?

कोरियांनी या प्रश्नाचा विचार बेलापूरला केला होता, असे मला वाटते. सेक्टर ८ मधले आर्टिस्ट व्हिलेज त्यांनी १९८० च्या दशकात आखले. तिथे प्रत्येक घराला स्वतःचा छोटा भूखंड आहे आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. भिंतच सामाईक नसल्याने एकाने घर वाढवले तर दुसऱ्याला तडा जात नाही. आणि अशी साधारण सात-सात घरे एका छोट्या चौकाभोवती बसवली. घर ज्याचे त्याचे, चौक सातांचा. चौकातले झाड एकाचे नसते, म्हणून त्याचा पाचोळा कोणी उचलायचा हे सात जणांना बोलून ठरवावे लागते. आज तिथली बरीचशी मूळ घरे पाडून मोठी झाली आहेत, पण चौक अजून आहेत आणि सावलीही आहे.

आपल्या सोसायट्या मात्र भिंतीच्या हिशेबाने बांधलेल्या. इथला हक्काचा गुंताही खास आपल्याकडचा आहे. जमीन सिडकोची, ६० वर्षांचा भाडेपट्टा सोसायटीचा, झाड लावणार एखादा सभासद, सावली शेजारच्या सोसायटीला आणि पाचोळा रस्त्यावर. शिवाय आपल्यापैकी बऱ्याच इमारती मुरमाच्या भरावावर उभ्या आहेत. अशा जमिनीत मुळे खोल न जाता आडवी पसरतात, त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की झाडाला ना पाणी मिळते ना हवा. आमच्या जांभळाचे तेच झाले होते. एका बाजूला पेव्हर, दुसऱ्या बाजूला भिंतीचा पाया, आणि त्यावर आमचा कोयता.

तिसरा शेजारी

दोन शेजाऱ्यांच्या या भांडणात १९७५ मध्ये तिसरा आला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. या कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरण नेमले आणि सांगितले की, त्याच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडायचे नाही. आता 'तोडणे' म्हणजे काय? आम्ही समजत होतो, बुंध्यापासून तोडणे. कायद्यात तोडण्याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे येते. मोडणाऱ्याला दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली. तेव्हापासून आपल्या भागात ही परवानगी महापालिकेकडे मागायची असते. आमचा दंड याच कायद्याखालचा.

इतिहासाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. इंग्रजी न्यायालय शेजाऱ्याला म्हणत होते की तुला मालकाला विचारायची गरज नाही. १९७५ चा कायदा खुद्द मालकालाच म्हणतो, तुलाही विचारावे लागेल. झाडाला मालक आहे, पण झाड एकट्या मालकाचे नाही, हे आता कायद्यानेच मानले.

याची दुसरी बाजू लपवू नये. विचारल्यावर उत्तर वेळेवर आणि नीट तपासून मिळाले पाहिजे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते झाड काढायची मागणी आधीच झाली होती आणि ते धडधाकट ठरवून परवानगी नाकारली गेली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. त्यामुळे "झाडाची भीती वाटते" म्हणणाऱ्या सभासदाला निसर्गाचा शत्रू ठरवून गप्प बसवू नये. आमच्या सभांत ते झाले आहे. ज्याच्या गॅलरीवर फांदी आदळते त्याची झोप उडते, आणि ज्याने रोप लावले त्याला प्रत्येक घाव लागतो. दोघेही खरेच बोलत असतात.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' हा दर्जा आला. तोडाव्या लागणाऱ्या झाडाच्या बदल्यात त्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावायची, असेही ठरले.

वहीतली पाच कलमे

आता परत भिंतीकडे. जांभूळ पडून तीन वर्षं झाली आणि चिरलेली भिंत आपल्याकडे झुकायला लागली. ती पाडून बांधायची तर दोन्ही कमिट्यांना एकत्र बसणं भाग होतं. कोणाच्या ऑफिसात बसायचं यावरही अडलं. शेवटी सभा आजींच्या घरी झाली, कारण त्यांच्याकडे जायला दोन्ही बाजू तयार होत्या. चहा झाला. मी कमिटीच्या वतीने माफी मागितली. आजी म्हणाल्या, "झालं ते झालं. आता झाड कुठे लावायचं ते बोला."

त्या दिवशी कळलं की जांभळाचं एक रोप आपल्याच बाजूला उगवलं होतं. बी विंगमधल्या एका ताईंनी ते कुंडीत जपलं होतं, त्याच झाडाच्या बीचं. त्यांनी ते आजींना दिलं. भिंतीपासून दहा फूट आत, पेव्हर ब्लॉक काढून, मोकळ्या मातीत ते लावलं. आणि दोन्ही सोसायट्यांच्या इतिवृत्ताच्या वहीत सारख्याच शब्दांत पाच कलमे लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

१. भिंतीजवळच्या कोणत्याही झाडाला, मग ते कोणाच्याही हद्दीतले असो, हात लावण्याआधी पंधरा दिवस शेजारच्या संस्थेला पत्र द्यायचे.

२. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे दोन्ही संस्थांच्या सहीचा एकच अर्ज जाईल. एक वर्ष त्यांनी करायचा, एक वर्ष आपण. खर्च निम्मा-निम्मा.

३. छाटणी दोन्ही बाजूंनी सारखी, झाडाचा तोल राखून. एकाच बाजूच्या फांद्या उतरवायच्या नाहीत.

४. पाचोळा ज्याच्या जमिनीवर पडेल त्याने उचलायचा. फळे दोघांची.

५. झाड धोकादायक वाटले तर भीती वाटणाऱ्या सभासदाचे म्हणणे आधी ऐकून घ्यायचे, त्याच आठवड्यात दोन्ही संस्थांच्या माणसांनी झाड पाहायचे आणि महापालिकेला कळवायचे.

ही कलमे लिहिताना मी कात्यायन, आज्ञापत्र, गोव्याचा कायदा यांतले काहीही वाचलेले नव्हते. ते वाचन नंतरचे. वाचत गेलो तसे लक्षात आले की चौथे कलम कात्यायनाचे आहे, पहिले गोव्याच्या तीन दिवसांचे पंधरा दिवस केलेले आहे आणि बाकीच्यांत आज्ञापत्रातले राजी करून घेणे आहे. त्यात आमची हुशारी काही नाही. शेजारी बसून बोलले की माणसे त्याच त्या दोन-चार गोष्टींवर येतात, मग काळ कोणताही असो. सहकार न्यायालयात संस्थेच्या कारभाराचे वाद जातात. दोन शेजारी सोसायट्यांच्या फांदीचा वाद तिथे बसत नाही, त्याला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथे निकाल लागेपर्यंत फांदी कितीदा छाटून परत वाढलेली असते. वहीतल्या पाच कलमांना खर्च आला तो आजींकडच्या चहाचा.

नवे जांभूळ आता गॅलरीच्या उंचीला आले आहे. दोन-तीन वर्षांपासून फळ धरते. आजी आता नाहीत. त्यांचा मुलगा दर जूनला एक टोपली आपल्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून जातो. गाड्यांवर डाग अजूनही पडतात आणि सभेत तो विषय अजूनही निघतो. पण आता "करून टाका" असे कोणी म्हणत नाही, "पत्र गेलं का?" असे विचारतात.

एक हिशेब जाता जाता. आपल्या फाटकाजवळचा कडुनिंब ताबा मिळाला त्या वर्षी लावलेला आहे, म्हणजे तोही यंदा पंचवीस वर्षांचा. संस्थेचा सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा तो पन्नास वर्षांचा होईल आणि कायद्याच्या भाषेत 'वारसा वृक्ष' ठरेल. आजूबाजूच्या सेक्टरांत पुनर्विकास सुरू झालेला आहे, आपल्याकडेही तो विषय येणारच. तेव्हा नकाशा काढणाऱ्याला तो कडुनिंब दाखवायचा की नाही, हे ठरवणारे सभासद आज कदाचित शाळेत आहेत. त्यांच्यासाठीच हे पान लिहिले.

पाच कलमांची वही ऑफिसच्या कपाटात वरच्या खणात आहे. नव्या कमिटीने एकदा वाचावी. आणि हो, येत्या मे महिन्यात छाटणीचा अर्ज करायची पाळी आपली आहे.